बँकॉकमध्ये ग्रॅब-बोल्टची गाडी येतच नाही, तेव्हा काय तपासायचं

संध्याकाळचे सहा. सुखुमवित रस्त्यावरच्या हॉटेलखाली चौघंजण तयार होऊन उभे. फोनवर गाडी दिसतेय, ‘२ मिनिटं’ असं लिहिलंय. गाडीचं चित्र सरकत सरकत अगदी जवळ येतं आणि न थांबता पुढे निघून जातं. दोनाची चौदा मिनिटं होतात. थोड्या वेळाने ड्रायव्हर बुकिंग रद्द करतो. दुसरी गाडी शोधली तर तिचंही तेच.

बँकॉकमध्ये हे एकदा झालं की मुक्काम संपेपर्यंत रोज होत राहतं, कारण हॉटेल तेच, रस्ता तोच आणि चूकही तीच. अ‍ॅप काढून पुन्हा टाकल्याने काही फरक पडत नाही. बहुतेक वेळा घोळ असतो तो पिनचा, म्हणजे गाडीने नेमकं कुठे यायचं ते नकाशावर दाखवण्याचा, आणि तो पाच मिनिटांत सुधारता येतो. म्हणून इथे सगळ्यात जास्त जागा पिनला दिली आहे. ओटीपी, कार्ड, विमानतळ आणि टोल त्यानंतर.

सुरुवातीला एवढं पक्कं करून घ्या की ओला आणि उबर इथे चालत नाहीत. उबरने २०१८ साली आग्नेय आशियातला आपला व्यवसाय ग्रॅबला देऊन टाकला. गोव्यात उतरून ओला-उबर उघडून बसण्यात जसा अर्थ नाही, गोवा माइल्स किंवा स्टँडवरची टॅक्सीच बघावी लागते, तसंच इथेही आहे. बँकॉकसाठी ग्रॅब आणि बोल्ट ही दोन अ‍ॅप फोनमध्ये असली की पुरे. ग्रॅबचं भाडं साधारणपणे थोडं जास्त असतं, पण गाडी लवकर मिळते. बोल्टचं कमी दिसतं, पण गर्दीच्या वेळी हाती काही लागत नाही.

गाडी जवळ येते आणि निघून जाते

गाडी तुमच्या समोरच असते, फक्त रस्त्याच्या पलीकडे. सुखुमवितसारख्या रस्त्यावर मधे दुभाजक आहे, वर बीटीएसचा, म्हणजे उंचावरून धावणाऱ्या शहरी रेल्वेचा, पूल आहे आणि खाली त्याचे खांब. पलीकडची गाडी अलीकडे यायची तर ड्रायव्हरला पुढच्या यू-टर्नपर्यंत जाऊन परत यावं लागतं. दुपारी दोनला त्याला चार मिनिटं लागतील, संध्याकाळी सहाला वीस. तेवढा वेळ घालवण्यापेक्षा तो बुकिंग सोडून देतो.

हे टाळायचं तर सुखुमवितचे क्रमांक समजून घ्यावे लागतात. मुख्य रस्त्याला फुटणाऱ्या गल्लीला थाईत ‘सॉय’ म्हणतात. सुखुमवितवर विषम क्रमांकाचे सॉय उत्तरेच्या बाजूला आणि सम क्रमांकाचे दक्षिणेच्या बाजूला आहेत. इथवर सोपं आहे. गोंधळ होतो तो पुढे, कारण दोन्ही बाजूंचे आकडे एकमेकांसमोर येत नाहीत. थाँगलॉ म्हणजे सॉय ५५, आणि त्याच्या समोर आहे सॉय ३८. एक्कामाय म्हणजे सॉय ६३, समोर सॉय ४२. फ्रोम फोंग स्टेशनाशी एका बाजूला सॉय ३९, दुसऱ्या बाजूला सॉय २४. ‘आमचं हॉटेल सॉय २४ ला, म्हणजे सॉय २३ च्या समोर’ असा हिशेब करून पिन टाकली, तर तुम्ही स्टेशनभर लांब जाता.

बुकिंगचं बटण दाबण्याआधी ही पडताळणी करा:

१. नकाशा दोन बोटांनी इतका मोठा करा की रस्त्याच्या दोन्ही कडा वेगवेगळ्या दिसतील. पिनचं टोक तुमच्या बाजूच्या कडेवर आहे का ते बघा. रस्त्याच्या मधोमध असेल तर अ‍ॅप कुठलीही बाजू धरू शकतं.

२. जायचं आहे त्या दिशेला तोंड करून फुटपाथवर उभे राहा. थायलंडमध्येही आपल्यासारखंच डाव्या बाजूने वाहन चालवतात. म्हणून रस्ता तुमच्या उजव्या हाताला असला पाहिजे. डाव्या हाताला असेल, तर तुम्ही चुकीच्या फुटपाथवर आहात.

३. बाजू बदलायची असेल तर रस्ता तुडवू नका. जवळचं बीटीएस स्टेशन शोधा, जिन्याने वर जा आणि पलीकडच्या जिन्याने उतरा. तिकिटाच्या फाटकाच्या आत जावं लागत नाही.

४. ‘सध्याचं ठिकाण’ यावर विसंबू नका. उंच इमारती आणि बीटीएसचा काँक्रीटचा पूल यांच्यावर जीपीएसचे संकेत आपटून येतात, त्यामुळे निळा ठिपका एका जागी ठरत नाही. शोधाच्या चौकटीत हॉटेलचं, दुकानाचं किंवा स्टेशनच्या दाराचं नाव टाका. एकाच साखळीतली दोन-तीन हॉटेलं एकाच रस्त्यावर असतात. नावापुढचा सॉय क्रमांक बुकिंगच्या कागदाशी ताडून बघा.

५. पायाखाली बघा. फुटपाथची कड लाल-पांढऱ्या पट्ट्यांनी रंगवलेली असेल तर तिथे गाडी थांबवायला मनाई आहे. पिवळी-पांढरी असेल तर माणसं चढवण्या-उतरवण्यापुरतं थांबता येतं. लाल पट्ट्यावर उभं राहून हात करणाऱ्या प्रवाशासाठी ड्रायव्हर दंडाची जोखीम घेत नाही. तो पुढे जातो आणि मागे येऊ शकत नाही.

पाचवा मुद्दा कुणी सांगत नाही, पण ‘गाडी समोरून गेली, मला बघितलंही’ या तक्रारीमागे तो अनेकदा असतो.

हॉटेल सॉयच्या आत तीन-चारशे मीटरवर असेल तर गर्दीच्या वेळी गाडी दारात बोलावू नका. सॉय अरुंद असतात, काही पुढे बंद होतात, आणि बाहेर पडताना तोंडाशी सिग्नलवर रांग लागते. गाडी आत येणार, वळणार, पुन्हा त्याच रांगेत उभी राहणार, त्यात तुमचे पंधरा मिनिटं जातात. सामान हलकं असेल तर चालत सॉयच्या तोंडाशी या आणि तिथून बोलवा. गंमत म्हणजे आपण ‘गल्लीच्या तोंडाशी’ म्हणतो, थाई लोकही शब्दशः तेच म्हणतात: ‘पाक सॉय’, पाक म्हणजे तोंड. ड्रायव्हरचा फोन आला तर ‘पाक सॉय’ आणि सॉयचा आकडा एवढं सांगितलं तरी त्याला जागा कळते.

मॉलची गोष्ट वेगळी. सियाम पॅरागॉन, सेंट्रलवर्ल्ड, एमबीके या मॉलना पाच-सहा दारं आहेत आणि ती वेगवेगळ्या रस्त्यांवर उघडतात. ग्रॅबमध्ये मॉलचं नाव टाकलं की खाली दारांची यादी येते. त्यातलं एक दार निवडा, मग चालत त्या दाराशी जा, आणि तिथे पोचल्यावरच बुकिंग करा. उलटा क्रम केला, म्हणजे आधी बुकिंग आणि मग दार शोधणं, तर गाडी येऊन थांबते आणि तुम्ही अजून तिसऱ्या मजल्यावर सरकत्या जिन्यावर असता. शनिवारी संध्याकाळी सियामच्या चौकात कुठलंही दार निवडलं तरी उपयोग होत नाही. तेव्हा बीटीएसने एक-दोन स्टेशनं पुढे जायचं आणि तिथून गाडी बोलवायची. खर्चही कमी होतो.

गाडी मिळाली, पण जागची हलत नाही

नकाशावर चित्र दहा मिनिटं एकाच ठिकाणी. बुकिंग रद्दही होत नाही.

बऱ्याच वेळा ड्रायव्हर तुमच्या उत्तराची वाट बघत असतो. बुकिंग झाल्यावर तो अ‍ॅपच्या गप्पांच्या खिडकीत एखादा संदेश टाकतो, ‘कुठे उभे आहात’ किंवा ‘येऊ का’ अशा अर्थाचा. आपल्याकडे ड्रायव्हर फोन करतो, म्हणून आपण संदेशाकडे बघत नाही. प्रवासी खरा आहे की नाही याची त्याला खात्री नसते, म्हणून तो निघत नाही. बुकिंग होताच स्वतःच एक ओळ पाठवून टाका: हॉटेलचं नाव, कुठल्या दाराशी, शर्टाचा रंग. इंग्रजीत लिहिलं तरी ग्रॅबमध्ये ते थाईत भाषांतर होऊन जातं. वाक्य छोटं आणि साधं ठेवा. ‘हॉटेलच्या दारात, निळा शर्ट, चार माणसं, दोन बॅगा’ याचं भाषांतर नीट होतं. ‘आम्ही तुमची वाट बघतोय, जरा लवकर आलात तर बरं’ याचं काय होईल सांगता येत नाही.

उत्तर देऊनही तो हलला नाही, तर तुम्हीच बुकिंग सोडावं अशी त्याची इच्छा असू शकते. भाडं परवडत नसतं, वाट गर्दीतून असते, किंवा तुमच्या दिशेला जायचं नसतं. दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा एकदा विचारा आणि मग रद्द करा. रद्द करताना कारण विचारलं जातं, तिथे ‘ड्रायव्हर पुढे सरकत नाही’ अशा अर्थाचं कारण निवडा, ‘माझा बेत बदलला’ हे नाही. शुल्क लागणार असेल तर ते अ‍ॅप त्याच वेळी दाखवतं. चुकून लागलं तर त्या फेरीच्या नोंदीतून मदतीला लिहा.

दोन्ही अ‍ॅपवर एकाच वेळी बुकिंग करून जी आधी येईल ती घ्यायची, हा उपाय सुचतोच. करू नका. दुसऱ्या ड्रायव्हरने तोवर पेट्रोल जाळलेलं असतं, आणि उशिरा रद्द केल्याचं शुल्कही बसू शकतं.

वेळ बघणं महत्त्वाचं आहे. दुपारी चार-पाचच्या सुमारास बँकॉकच्या टॅक्सींची पाळी बदलते. गाडी दिवसाच्या ड्रायव्हरकडून रात्रीच्या ड्रायव्हरकडे द्यायची असते, म्हणून त्या वेळी मिळणारी टॅक्सी तिच्या डेपोच्या दिशेलाच जायला बघते. त्यानंतर लगेच कार्यालयं सुटतात आणि आठपर्यंत रस्ते भरलेले असतात. मे ते ऑक्टोबर पावसाळा, त्यात संध्याकाळची सर आली तर अर्ध्या तासात भाडं वाढतं. सर सहसा फार वेळ टिकत नाही. तीस-चाळीस मिनिटं कुठेतरी बसून काढली तर भाडंही उतरतं आणि गाडीही मिळते.

चौघं, चार मोठ्या बॅगा

चार आसनी गाडी बोलावली म्हणजे चार बॅगा मावतील असं नाही. बँकॉकच्या कित्येक टॅक्सी गॅसवर चालतात आणि गॅसची टाकी डिकीत असते. डिकी उघडली की मागच्या बाजूला आडवी टाकी दिसते आणि उरलेल्या जागेत दोन मोठ्या बॅगा कशाबशा बसतात. ड्रायव्हर उतरून बॅगा बघतो, मान हलवतो आणि निघून जातो. तीन माणसं आणि दोन मोठ्या बॅगांपर्यंत साधी गाडी चालेल. त्यापुढे सहा आसनीच घ्या. दोन साध्या गाड्यांच्या बेरजेपेक्षा ती बहुधा स्वस्त पडते, आणि आजी-आजोबा एका गाडीत आणि पासपोर्ट दुसऱ्या गाडीत अशी वेळ येत नाही.

नोंदणी होत नाही, ओटीपी येत नाही

हे काम मुंबई-पुण्यात असतानाच उरकायचं आहे. विमानतळावर उतरून थाई सिम घालायचं आणि मग अ‍ॅप उघडायचं, असा क्रम ठेवला की भारतीय सिम पाकिटात असतं आणि ओटीपी त्याच्यावर जातो.

निघण्याच्या दोन दिवस आधी भारतीय नंबरवर दोन्ही अ‍ॅपची नोंदणी करून ठेवा. देशाच्या यादीत अधिक ९१ निवडलंय का ते बघा, कारण फोनच्या सेटिंगवरून कधी दुसराच देश आपोआप येतो. नाव पासपोर्टवर आहे तसं इंग्रजीत टाका. नंतर फोन बदलू नका आणि अ‍ॅपमधून बाहेर पडू नका, नाहीतर पुन्हा ओटीपी मागितला जातो.

दोन सिमचा फोन असेल तर भारतीय सिम एका खाचेत तसंच राहू द्या. त्याचं डेटा रोमिंग बंद करा, पण सिम चालू ठेवा, आणि निघण्याआधी कंपनीच्या अ‍ॅपमधून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असल्याची खात्री करा. येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे लागत नाहीत. डेटासाठी दुसऱ्या खाचेत थाई सिम किंवा ई-सिम. अशाने अ‍ॅपही चालतं आणि बँकेचा ओटीपीही मिळतो.

ड्रायव्हर बोलायला फोन करेल तो अ‍ॅपमधूनच घ्या, तो डेटावर चालतो. साधा फोन तुमच्या भारतीय नंबरवर आला तर रोमिंगचं बिल लागतं. शंका असेल तर उचलू नका, अ‍ॅपमध्ये संदेश टाका.

कार्ड नाकारलं जातं

भारतात बसून कार्ड जोडायला गेलात आणि तो पर्यायच दिसला नाही, तर घाबरू नका. तुम्ही ज्या देशात आहात त्याप्रमाणे पैसे भरण्याचे पर्याय दिसतात. बँकॉकला उतरल्यावर पुन्हा बघा.

तिथेही नाकारलं गेलं तर आधी आपल्या बँकेचं अ‍ॅप उघडा. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार मार्च २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या एटीएम आणि दुकानांपुरतं चालू करून देतात. परदेशातला वापर आणि ऑनलाइन वापर या दोन वेगवेगळ्या कळा आहेत. नुसती ‘परदेशी वापर’ची कळ चालू करून भागत नाही, परदेशी ऑनलाइन व्यवहाराची कळही लागते, आणि त्याच पानावर मर्यादेची रक्कम शून्यावर असेल तर तीही वाढवावी लागते. हे तिन्ही केल्यावर एकदाच प्रयत्न करा. चार-पाच वेळा लागोपाठ केलात तर बँक संशयाने कार्डच अडवते आणि मग ग्राहक सेवेचा फोन, तोही रोमिंगवर.

रुपे कार्डावर अवलंबून राहू नका, व्हिसा किंवा मास्टरकार्ड न्या. यूपीआयचा पर्याय या अ‍ॅपमध्ये नसतो. ड्रायव्हर पुढे करतो तो क्यूआर कोड प्रॉम्प्टपेचा असतो, आणि ती थाई बँक खात्यांची पद्धत आहे. कार्ड जोडताना छोटी रक्कम कापली गेल्याचा संदेश येतो. ती तपासणीपुरती अडकवलेली असते आणि परत येते. मात्र साध्या भारतीय कार्डावर प्रत्येक फेरीला परकीय चलनाचा अधिभार लागतो, बऱ्याच कार्डांवर तो साडेतीन टक्क्यांपर्यंत जातो, वर त्यावरचा जीएसटी.

खरं सांगायचं तर बँकॉकमध्ये अ‍ॅपमध्ये ‘रोख’ निवडणं हा सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग आहे. ड्रायव्हरलाही हातात पैसे आलेले आवडतात, त्यामुळे गाडी मिळायला मदतच होते. फक्त सुट्टे हवेत. एटीएममधून १००० बाटच्या नोटा येतात आणि १३८ बाटच्या भाड्याला त्या चालत नाहीत. सकाळी सेव्हन-इलेव्हनमध्ये पाण्याची बाटली घेऊन एक मोठी नोट मोडा आणि २० व १०० च्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

विमानतळावर गाडी सापडत नाही

सुवर्णभूमी विमानतळावर जीपीएस दगा देतं, कारण त्याला मजला कळत नाही. आगमनाचं दार दुसऱ्या मजल्यावर आहे, निर्गमन चौथ्यावर आणि सार्वजनिक टॅक्सी पहिल्यावर. नकाशावर तुम्ही आणि गाडी एकाच बिंदूवर दिसता, आणि तुमच्यामध्ये तीन मजले असतात.

म्हणून बुकिंगच्या वेळी अ‍ॅप जो मजला आणि दार क्रमांक सांगतं तो वाचा, त्याचा स्क्रीनशॉट काढा, सरकत्या जिन्याने त्या मजल्यावर जा आणि दाराच्या वर लिहिलेला आकडा बघून उभे राहा. मग ड्रायव्हरला फक्त दोन आकडे पाठवा: मजला आणि दार. विमानतळाचं वायफाय दाराबाहेर पडताच तुटतं. सिम सुरू झाल्याशिवाय बाहेर येऊ नका.

दहा मिनिटांत जमलं नाही तर अ‍ॅप बंद करून पहिल्या मजल्यावरच्या टॅक्सीकडे जा. यंत्रातून चिठ्ठी येते, तिच्यावर थांब्याचा क्रमांक असतो, त्या क्रमांकाशी उभी टॅक्सी तुमची. भाडं मीटरप्रमाणे, वर विमानतळाचे ५० बाट, आणि टोल तुमचा. चिठ्ठी ड्रायव्हरला देऊ नका, ती प्रवाशासाठी असते आणि तक्रार करायची वेळ आली तर गाडीची ओळख तिच्यावरूनच पटते.

सामान कमी असेल आणि पहाटे सहा ते मध्यरात्र यांमध्ये उतरत असाल, तर तळघरातून एअरपोर्ट रेल लिंक घ्या. प्रातुनामला राहणाऱ्यांनी राचाप्रारोप स्टेशनला उतरावं. सुखुमवितला जाणाऱ्यांनी मक्कासानला उतरून पेचाबुरी स्टेशनातून एमआरटी या मेट्रोने एक स्टेशन पुढे जावं. शेवटच्या फायाथाय स्टेशनापर्यंत सुमारे अर्धा तास लागतो आणि तिकीट ४५ बाट आहे.

परत येताना विमानतळाचं नाव दोनदा वाचा. बँकॉकला दोन विमानतळ आहेत: सुवर्णभूमीचा कोड बीकेके, डॉन मुआंगचा डीएमके. फुकेत, क्राबी, चियांग मायला जाणाऱ्या स्वस्त विमानांपैकी बरीच डॉन मुआंगहून सुटतात. सवयीने ‘बँकॉक एअरपोर्ट’ टाकून पहिलं नाव दाबलंत आणि भलतीकडे उतरलात, तर संध्याकाळच्या रहदारीत दुसरीकडे वेळेवर पोचणं जवळपास अशक्य आहे.

दाखवलं एक, मागितलं दुसरं

दोन कारणं. पहिलं टोल. द्रुतगती मार्गाचा टोल भाड्यात धरलेला नसतो आणि तो प्रवाशाने रोख द्यायचा असतो. नाक्याजवळ ड्रायव्हर मागे वळून हात पुढे करतो, त्यात फसवणूक काही नाही. सुवर्णभूमीहून मध्य शहरात येताना दोन नाके लागतात, मिळून साधारण ७५ बाट. पहिल्या नाक्याला सुट्टे काढून ठेवा. ‘थांग दुअन’ म्हणजे द्रुतगती मार्ग. ड्रायव्हर हे शब्द उच्चारून प्रश्नार्थक बघत असेल तर तो ‘टोलच्या रस्त्याने जाऊ का’ असं विचारतोय. गर्दीच्या वेळी हो म्हणा.

दुसरं कारण निवडलेला प्रकार. ग्रॅबमध्ये ठरलेल्या भाड्याची गाडी असते आणि मीटरवर चालणारी ग्रॅबटॅक्सीही असते. टॅक्सीच्या बाबतीत दिसतो तो अंदाज. बँकॉकच्या मीटरची सुरुवात ३५ बाटपासून होते, मोठ्या टॅक्सीची ४० पासून, आणि वेग ताशी ६ किलोमीटरच्या खाली गेला की मीटर मिनिटामिनिटाने चढतं. अंदाज दीडशेचा आणि बिल अडीचशेचं, असं सिग्नलवर अडकल्याने होतं. संध्याकाळी ठरलेल्या भाड्याची गाडी घ्या. सकाळी लवकर रस्ते मोकळे असताना मीटर स्वस्त पडेल.

चुकीच्या गाडीत बसणं

आपल्याकडे ड्रायव्हर ओटीपी विचारतो आणि चूक तिथेच पकडली जाते. बँकॉकमध्ये सहसा ओटीपी द्यावा लागत नाही, म्हणून नंबरप्लेट बघण्याचं काम तुमचं. प्लेटवर वर थाई अक्षरं आणि आकडे, खाली थाईत प्रांताचं नाव. अक्षरं वाचता आली नाहीत तरी शेवटचे चार आकडे ओळखीच्या इंग्रजी अंकांत असतात, तेवढे जुळवा. खासगी गाडीची प्लेट पांढरी, टॅक्सीची पिवळी. अ‍ॅपमध्ये खासगी गाडी दिसत असताना पिवळ्या प्लेटची टॅक्सी समोर थांबून ‘ग्रॅब, ग्रॅब’ म्हणत असेल, तर ती तुमची नाही.

राजवाड्याच्या परिसरात एवढं सांभाळा: ‘राजवाडा आज बंद आहे, मी दुसरं देऊळ दाखवतो’ असं म्हणणाऱ्या माणसाबरोबर रिक्षात बसू नका. राजवाड्याचं दार स्वतः जाऊन बघा.

अ‍ॅप ठेवून द्यायचं तेव्हा

राजवाडा आणि वाट फो हे देऊळ बघायला दुपारी सुखुमवितहून गाडी बोलावण्यात पैसाही जातो आणि वेळही. एमआरटीचं सनाम चाय स्टेशन वाट फोच्या जवळ आहे, तिथून राजवाडाही चालत गाठता येतो. एमआरटीच्या फाटकावर व्हिसा किंवा मास्टरकार्डचं स्पर्शाने चालणारं कार्ड थेट लावता येतं, तिकिटाच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. नदीकाठच्या ठिकाणांना बीटीएसने सफान ताक्सिनपर्यंत जाऊन बोट घ्यावी. राजवाड्यासाठी था चांग धक्का, वाट फोसाठी था तियन.

१३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, म्हणजे एकमेकांवर पाणी उडवण्याचा थाई नववर्षाचा सण असतो. सिलोम आणि खाओ सान रोडवर त्या दिवसांत गाडी आत येऊ शकत नाही, पाण्याने भिजलेल्या प्रवाशाला ड्रायव्हर गाडीत घ्यायलाही तयार नसतो. कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बरोबर ठेवा, आणि सिलोमला असाल तर बीटीएस स्टेशनापर्यंत चालत या.

एकट्या माणसाला थोडंच अंतर जायचं असेल तर मोटारसायकल सगळ्यात जलद. नारिंगी जाकीट घातलेले चालक सॉयच्या तोंडाशी बसलेले असतात, ग्रॅबवरूनही मोटारसायकल मिळते. हेल्मेट मागून घ्या, आणि तुमच्या प्रवासविम्यात दुचाकीचा अपघात धरलाय का ते घरूनच वाचून या.

गाडीत वस्तू राहिली तर त्या फेरीची नोंद उघडून तिथल्या ‘हरवलेली वस्तू’ या पर्यायातून लगेच कळवा. पुढचं भाडं बसायच्या आत ड्रायव्हरला कळलं तर वस्तू मिळण्याची शक्यता जास्त. त्याला ती आणून द्यायला सांगत असाल तर त्या फेरीचं भाडं द्या. टॅक्सीबद्दलची तक्रार भू-वाहतूक विभागाच्या १५८४ या क्रमांकावर करता येते. ड्रायव्हर धमकावत असेल, सामान अडवून ठेवत असेल किंवा भलतीकडे नेत असेल, तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. हे दोन्ही आकडे आणि हॉटेलचा थाई लिपीतला पत्ता फोनमध्ये तर ठेवाच, शिवाय एका कागदावर लिहून बरोबरच्या प्रत्येकाच्या खिशात द्या, कारण बॅटरी संपलेल्या फोनमधला पत्ता कुणालाच दाखवता येत नाही.